दहापैकी घिवली

बुधवारी दुपारी माझ्या मुलीचा, उत्कर्षाचा, पुण्याहून मेसेज आला. ‘बाबा, छोट्या गावात राहण्याबद्दल एक तक्ता करतेय. घिवलीला गुण द्या. हवामान, करमणूक, सुरक्षितता, प्रत्येकी दहापैकी. जूनच्या आत ठरवायचंय. आणि खरे द्या हं, तुम्ही देता तसे.’

मी तो चारदा वाचला. मग चष्मा पुसून पाचव्यांदा वाचला. जूनच्या आत म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत. दिवाळीत आली होती तेव्हा चारही दिवस पुण्याच्या नावानं बोटं मोडत होती. रस्ते तुंबतात, पाण्याचे टँकर येतात, पोरीला खेळायला अंगण नाही. तिचं ऑफिस घरी बसून चालतं, जावयाचंही आठवड्यातले तीन दिवस तसंच. वरची खोली माझ्याकडे रिकामी पडली आहे. आता यातून काय निष्कर्ष काढायचा ते शेंबड्या पोरालाही कळेल. उत्कर्षा घिवलीला यायचा विचार करत होती.

मी गॅस बंद केला, आमटी तशीच ठेवली आणि कपाटातून माझी जुनी वही काढली.

माझं नाव नागोराव. मूळचा जिंतूरकडचा. बोयसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. बॅच तयार झाली की नमुना माझ्याकडे यायचा आणि मी पास किंवा नापास शिक्का मारायचो. माझ्या मागे मला सगळे ‘नापासराव’ म्हणायचे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, चहा पाजला, तरी माझा आकडा कधी हलला नाही. घरीही तेच. उत्कर्षा दुसरीत असताना तिनं काढलेल्या हत्तीला मी दहापैकी चार दिले होते. सुगंधा, माझी बायको, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पोरगी मात्र तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मलाच दाखवायला आणायची. म्हणायची, आई सगळ्यालाच छान म्हणते, बाबा खरं सांगतात.

आमच्या वहीचे नियम कडक होते. चुकलेला आकडा पुसायचा नाही, गिरवायचा नाही, त्यावर पांढरं फासायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, तारीख आणि दुरुस्तीचं कारण. शंका आली तर शेऱ्यात लिहायचं, ‘पुन्हा तपासावे’. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी मी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा तसाच ठेवतो.

वहीच्या नव्या पानावर मी रकाने आखले. नमुना: घिवली. परीक्षण, निकाल, शेरा. खाली सही.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळीत निघताना, चपला घालता घालता उत्कर्षानं मला विचारलं होतं, “बाबा, पुण्याला चला ना आमच्याकडे राहायला.” मी म्हणालो, “छे, मला इथं काय कमी आहे?” ती म्हणाली, “बरं.” आणि गाडीत जाऊन बसली.

बरं! हे काय उत्तर झालं? आमच्या गावाकडे पहिल्या बोलावण्याला कोणी उठत नाही. पाहुणा आधी नको म्हणतो, मग यजमान हात धरतो, मग पाहुणा आढेवेढे घेतो आणि तिसऱ्यांदा पाटावर बसतो. पहिल्याच हाकेला बसला तर लोक म्हणतील, उपाशी होता वाटतं. सुगंधा माझ्या मामांना पोळी वाढताना चारचारदा आग्रह करायची आणि मामा प्रत्येक वेळी ताटावर हात आडवा धरायचे. चौथी पोळी त्यांना हवीच असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे उत्कर्षाला कसं कळणार? तिला मीच शिकवलं, जे लिहिलं ते खरं, जे बोललं ते खरं. मी नाही म्हणालो, तिनं नाही असं टिपून घेतलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर मनातून रुसलो होतो आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आता ती स्वतःच यायचं म्हणत होती. सुगंधाला जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मला एवढा आनंद झाल्याचं आठवत नाही, हे सरळच सांगतो.

गुरुवारी हवामान घेतलं. तपासणी म्हटली की अंदाजपंचे चालत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला गच्चीत जाऊन उभा राहिलो. मार्च सुरू होता. वारा पूर्वेकडून होता आणि त्याबरोबर कारखान्यांकडचा ओळखीचा वास येत होता. ज्या वासावर माझं घर चाललं त्याला मी नाक मुरडत नाही, पण सात वर्षांच्या नातीनं तो का घ्यावा? नऊ वाजता वारा फिरून समुद्रावरून यायला लागला आणि बरं वाटलं. अकराला धुतलेला रुमाल दोरीवर टाकला, तो दोन वाजताही दमट होता. खिडकीचे गज दरवर्षी रंगवतो, दरवर्षी गंजतात. पावसाळ्यात चार महिने पापडाला बुरशी येते. डिसेंबर-जानेवारी मात्र इथे फार गोड असतात, गच्चीत बसलं की उठावंसं वाटत नाही. सगळं धरून पाच. फार तर साडेपाच.

मी आठ लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, ‘समुद्राची शुद्ध हवा.’

पेन खाली ठेवलं तेव्हा कानशिलं गरम झाली होती. पण रेघ मारली नाही.

करमणुकीचं गणित अवघड होतं. सुगंधा होती तेव्हा आम्ही दुपारी पत्ते खेळायचो, पाच-तीन-दोन. तिसरी बायडी, शेजारची मासेवाली. सकाळी बोयसरच्या बाजारात पाटी रिकामी करून आली की हात धुऊन आमच्या ओट्यावर बसायची. पाच-तीन-दोनला तीन माणसं लागतात, दहा-दहा पानं. सुगंधा गेल्यावर महिन्याभरानं बायडी आपणहून आली आणि म्हणाली, “काका, काढा पानं.” मी तिघांची पानं वाटली. सुगंधाचा हात मीच खेळलो. तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सुगंधाच्या हातानं पाचही हात केले आणि वर दोन जास्त. बायडी पदर डोळ्यांना लावून उठली आणि म्हणाली, “नको काका, आमाला नाय जमत.” तेव्हापासून पत्ते कपाटात आहेत.

आता संध्याकाळी मी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतो. बोयसरहून गाडी येते, माणसं उतरतात, पिशव्या घेऊन आपापल्या घरी जातात. कोण उतरलं ते बघतो. मग किनाऱ्यावर एक फेरी. बोंबील वाळत घातलेले असतात, त्यांच्या कडेनं जातो आणि परत येतो. सिनेमा बघायचा तर बोयसरला जायचं, आणि एकट्यानं सिनेमा बघून आल्यावर तो कोणाला सांगायचा? तीन गुण, तेही समुद्राच्या भिडेखातर. मी सात लिहिले. शेरा, ‘चौपाटी, मोकळं मैदान, शेजार चांगला.’ शेजाराबद्दलचं खोटं नव्हतं.

राहिली सुरक्षितता. त्यात मी बिनधास्त होतो. घिवलीत चोरी नाही, मारामारी नाही, मी किल्ली कुंडीखाली ठेवतो हे अख्ख्या आळीला माहीत आहे. डहाणूकडे जमीन हलली की आमची भांडी थोडी वाजतात, तेवढंच. इथे खरा आकडाच आठ येणार होता. तो शुक्रवारी लिहायचा आणि कागदाचा फोटो काढून पाठवायचा असं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ग्रामपंचायतीचा भाग्येश दारात आला. अंगात केशरी बंडी, हातात यादी. अणुवीज केंद्राजवळच्या गावांमध्ये आपत्कालीन सराव होतो, तो त्या दिवशी होता. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, फटींना ओली फडकी लावायची आणि सूचना येईपर्यंत आत राहायचं.

“काका, घरात किती माणसं?” त्यानं विचारलं.

“एक.”

त्यानं यादीत खूण केली. “आतच राहा हां. सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका.”

दहाला भोंगा झाला. मी नियमाप्रमाणे सगळं केलं. दाराखाली ओला टॉवेल घातला, खिडक्यांना सुगंधाच्या जुन्या साडीच्या पट्ट्या लावल्या, पंखा बंद करून खुर्चीत बसलो. लोक असल्या सरावात टाळाटाळ करतात, खिडकीतून डोकावतात, ओट्यावर गप्पा मारतात. मला ते खपत नाही. घाम गळत होता, पण मी हललो नाही.

अकरा वाजले. बारा वाजले. यंत्रांशेजारी एकतीस वर्षं काढल्यानं माझा डावा कान जवळजवळ गेलेला आहे आणि उजवाही फार कामाचा नाही. बाहेर काही चाललं असलं तरी मला समजत नव्हतं. दीड वाजता बिस्किटं खाल्ली. अडीच वाजता मनात आलं, एवढा वेळ सराव कधीच नसतो, संपला असणार. दार उघडायला उठलोही. पण कडीवर हात ठेवला आणि थांबलो.

भाग्येशनं यादीत खूण केली होती. एक माणूस आत आहे, हे कुठेतरी लिहिलेलं होतं. मग तो एक माणूस बाहेर आला का, हे कोणाला कधी आठवतं ते बघू या, असं मला वाटलं. तपासणीची खोड, दुसरं काय! परत खुर्चीत बसलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

तीन. चार. पाच. या वेळी मी एसटीच्या थांब्यावर असतो. बाकावर मी नाही हे कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं होतं. साडेपाचला खोलीत अंधारायला लागलं. मला भूक लागली होती आणि रडू येत होतं. सदुसष्टाव्या वर्षी, बंद खोलीत, दाराखाली ओला टॉवेल लावून. तो टॉवेलही एव्हाना कोरडा झाला होता.

सहाला दार वाजलं. बायडी होती, माझा डबा परत द्यायला आलेली. दिवसभर बोयसरला होती, आत्ताच परतली होती. दाराखालून टॉवेल सरकला तसं तिनं खाली बघितलं, मग खिडकीच्या पट्ट्यांकडे.

“काका, तुमी अजून आतच? ते बाराच्या आधीच संपला. रिक्षा फिरली ना भोंगा लावून.” ती हसायला लागली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली. “सकाळपासून आत हाव तुमी?”

“झोप लागली होती,” मी म्हणालो.

पट्ट्या तिनंच काढल्या, पंखा लावला, चहा टाकला. घरी गेल्यावर भाकरी आणि तळलेले बोंबील पाठवले. तिचा काही दोष नव्हता, भाग्येशचाही नव्हता. त्यानं रिक्षा फिरवली होती. बहिरा मी.

जेवून वही उघडली. सुरक्षितता. नमुन्याची तपासणी आठ तास चालली होती आणि निकाल माझ्यासमोर होता. एकट्या माणसाला या गावात काही झालं, तर संध्याकाळी सहाला कळेल, तेही कोणाचा डबा परत करायचा राहिला असेल तर. दोन. दोनाच्या वर एक टिंबही नाही.

पण उत्कर्षा आली तर मी एकटा कुठे असणार होतो? घरात चार माणसं असतील. कोणीतरी रिक्षा ऐकेल, कोणीतरी म्हणेल, बाबा, उठा, संपलं. मग हा दोनचा आकडा आपोआप खोटा ठरणार होता. अशी स्वतःची समजूत घालून मी नऊ लिहिले. शेऱ्यात लिहिलं, ‘चोरी नाही. सराव वेळेवर व चोख.’ खाली सही केली. आयुष्यातला पहिला खोटा पास. पहिला फोटो पुसट आला, म्हणून दुसऱ्यांदा काढून पाठवला.

तिचा अंगठा आला. ‘थँक्यू बाबा. रविवारी फोन करते.’

शनिवारी मी वरची खोली झाडली. सुगंधाची शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवली म्हणजे तिथे उत्कर्षाचं कामाचं टेबल बसेल. छताच्या कडीला तेल घातलं, झोपाळा टांगता येईल असा. कपाटातून पत्ते काढले, जोडातली पानं मोजली. सगळी होती. जावयाला पाच-तीन-दोन येत नसलं तर शिकवू. संध्याकाळी बायडीला सांगितलं, मुलगी येणार आहे कायमची.

“खरा काय? मग पापलेट ठेवते चांगलं,” ती म्हणाली. “काकींची खोली उघडली काय तुमी?”

“उघडली,” मी म्हणालो.

रविवारी साडेदहाला फोन आला. मी उजव्या कानाला लावला.

“बाबा, तुमचे गुण बघून किती हलकं वाटलं म्हणून सांगू!” उत्कर्षा म्हणाली. “जितेशचं आणि माझं महिनाभर भांडण चाललं होतं.”

जितेश माझा मुलगा, बंगळूरला असतो. त्याचा इथे काय संबंध ते मला कळेना.

“तो म्हणत होता, बाबांना तिथे एकट्याला ठेवणं बरोबर नाही, त्यांना तुझ्याकडे आण. आमच्या घराचा करार जूनमध्ये संपतोय ना, दोन घरं बघून ठेवलीत. एक मोठं, त्यात एक खोली तुमची. एक छोटं, ऑफिसजवळ. मी म्हटलं, बाबा दिवाळीत नाही म्हणाले. तो म्हणाला, ते काय, म्हणायचं म्हणून म्हणाले असतील. शेवटी मी म्हटलं, आपण वाद नको घालायला, तिथे त्यांचं कसं चाललंय त्याला बाबांनाच गुण देऊ देत. आईसुद्धा म्हणायची, बाबा मरतील पण आकडा वाढवणार नाहीत. पंधराच्या खाली आले तर काहीही करून घेऊन यायचं, असं ठरवलं होतं आम्ही.” ती हसली. “तीसपैकी चोवीस! पुण्याला मी स्वतः सोळा दिलेत. जितेशचं तोंडच बंद झालं.”

मी पायरीवर बसलो. खरे आकडे पाच, तीन आणि दोन होते. दहा झाले असते.

“बाबा? ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“उद्या सकाळी घरमालकाला कळवायचंय, छोटं घर घेतोय म्हणून.” मग म्हणाली, “तरी एकदा विचारते हं. यायचंय का तुम्हाला आमच्याकडे?”

देवाशप्पथ सांगतो, मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते माझ्या मामांचं होतं, माझ्या बापाचं होतं.

“छे,” मी म्हणालो, “मला इथं काय कमी आहे?”

आणि थांबलो. फोन कानावर दाबून धरला. आता ती म्हणेल, असं काय करता बाबा. मग मी म्हणेन, तुम्हाला उगीच अडचण. मग ती म्हणेल, अडचण कसली, चला मुकाट्यानं. मग मी बसेन पाटावर. पलीकडून नातीच्या खेळण्याचा आवाज येत होता. कोणीतरी कुकर बंद करायला सांगत होतं.

“बरं बाबा,” उत्कर्षा म्हणाली. “गोळ्या वेळेवर घ्या. मे महिन्यात येऊन जाते दोन दिवस.”

फोन बंद झाला. दारात बायडी कागदात गुंडाळलेलं पापलेट घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

“कधी येतात?” तिनं विचारलं.

“येत नाहीत,” मी म्हणालो. “मलाच बोलावलं होतं. मी नाही म्हणालो.”

“मग परत फोन करून सांगा ना, येतो म्हणून.”

“असं आपण होऊन कसं सांगायचं, बायडी?”

तिनं पापलेट ओट्यावर ठेवलं. “काकी असत्या तर तुमच्या पाठीत घातला असता,” ती म्हणाली आणि निघून गेली.

रागावलो होतो, पण या वेळी कोणावर ते मला चांगलं ठाऊक होतं. मग आत जाऊन वही उघडली. आठ, सात, नऊ. खाली माझी सही.

पेन घेतलं. आठवर एक आडवी रेघ मारली, शेजारी पाच लिहिले. सातवर रेघ, तीन. नऊवर रेघ, दोन. खालचे आकडे वाचता येत होते. प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही केली, तारीख घातली. राहिलं कारण. एकतीस वर्षांत मी हजारो कारणं लिहिली, वाचनात चूक, नमुना दूषित, काटा बिघडला. यातलं एकही बसेना. शेवटी जे होतं ते लिहिलं.

‘मूळ आकडे खोटे आहेत. तुम्ही इथे राहायला याल असे वाटले म्हणून वाढवले. आज एकदा विचारल्यावर मी नाही म्हणालो. पुन्हा विचारावे.’

फोटो काढला. या वेळी पहिलाच स्पष्ट आला. उत्कर्षाला पाठवला आणि फोन समोर ठेवून बसलो. एक टिक आली. घिवलीत दुसरी टिक यायला वेळ लागतो.